अकरा फुटांवरची बशी

खिळेमास्तरांना बोलता येतं, हे गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना ती अफवा वाटायची. माणूस मुका नव्हता हो, सोफे दुरुस्त करायचा. त्या धंद्यात कापड ताणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून बारीक खिळे मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, ओठांतून काढायचा आणि ठोकायचा. बाकीचे कारागीर काम संपलं की उरलेले खिळे डबीत टाकतात आणि माणसांत येतात. मास्तरांचं उलटं. दारात माणूस दिसला की ते डबीतले खिळे तोंडात टाकायचे.

गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, कधी मिळेल?" मास्तर स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवायचे, म्हणजे बघा बुवा, भरलेलं आहे. मग आतल्या स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊनच काकू यायच्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको. त्या म्हणायच्या, "बुधवारी मिळेल. पण तुम्ही गुरुवारी या, म्हणजे शुक्रवारी नक्की." बत्तीस वर्षं संसार असाच चालला होता. बोलणं काकूंच्या वाट्याला, ठोकणं मास्तरांच्या.

मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. तिचा फोन आला की मास्तर म्हणायचे, "हं. बरी आहेस ना? देतो आईला." याच्यापुढे गाडी कधी गेली नाही. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. मुलीच्या घरची आरामखुर्ची मोडली तेव्हा हा माणूस हातोडी आणि दाभण घेऊन सहा तासांचा प्रवास करून गेला, खुर्ची नवीकोरी करून दिली, "हं" म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला. जावई अजून विचारतो, बाबा रागावून गेले का म्हणून.

दुकानाच्या दारावर मात्र मास्तरांनी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून लावली होती: ‘मांजरांना आत सोडू नये.’ कारणही तसंच होतं. सात वर्षांपूर्वी एका मांजराने तयार झालेल्या मखमली सोफ्याच्या पाठीवर नखं परजली होती आणि मास्तरांना पाठ पुन्हा पहिल्यापासून करावी लागली होती. तेव्हा शेजारच्या बेकरीवाल्याला ते खिळे काढून म्हणाले होते, "सोफा आणि मांजर, विळ्याभोपळ्याचं नातं!" बेकरीवाला म्हणजे जगातलं सगळं कळणारा माणूस. मास्तरांच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालेलं त्याने एकट्यानेच ऐकलं होतं, त्यामुळे तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आता एवढं जाहीर झाल्यावर माणूस मागे कसा फिरणार?

आणि नेमकी याच दुकानाच्या मागच्या खोलीत, काथ्याच्या गासड्यांमागे, एक मांजरी व्याली. तीन पिल्लं. काकू म्हणाल्या, "ओल्या बाळंतिणीला मी हाकलणार नाही. पाटी तुमची, तुम्ही हाकला." मास्तरांनी तोंडात खिळे टाकले.

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात. मांजरांनी ही म्हण आपल्याकडून घेतली की आपण मांजरांकडून, कोण जाणे. एकाच आईची, एकाच गासडीमागची तीन पिल्लं, पण एकाचा गुण दुसऱ्यात असेल तर शपथ. पहिला बोका डोळे उघडले तेव्हापासूनच पुढारी. महिन्याभरात तो बेकरीच्या फळीवर जाऊन बसला आणि येईल त्याला अंग घासून आपलंसं करू लागला. दुसरी तऱ्हेवाईक. मनात असेल तेव्हा येऊन लाड करून घ्यायची आणि लाड चालू असतानाच चावायची. तिला समोरची इस्त्रीवाली घेऊन गेली आणि दोघींचं झकास जमलं, कारण इस्त्रीवाली स्वभावाने तशीच होती. तिसरी राखाडी, एक पंजा पांढरा. ती कशी आहे हे दोन महिने कुणाला सांगता येत नव्हतं, कारण तिचे फक्त डोळे दिसायचे. आई निघून गेली, भावंडं मार्गाला लागली, ही आपली गासडीमागेच. पाऊल वाजलं की गायब, आणि भांडं पडलं की दिवसभर गायब.

"मास्तर, मांजर म्हणजे मांजर," बेकरीवाला म्हणाला. "मानगूट धरायची, मांडीवर दाबून ठेवायचं, दोन मिनिटांत माया लागते. आमचा पुढारी बघा!" आणि करून दाखवायला स्वतःच आत गेला. दोन मिनिटं लागलीच नाहीत. अर्ध्या मिनिटात हातावर पाच ओरखडे घेऊन तो बाहेर आला, आणि मांजरी माळ्यावर चढली ती नऊ दिवस खाली उतरली नाही.

"पिसाळलेली आहे," बेकरीवाला म्हणाला.

मास्तरांना त्या क्षणी खिळे थुंकून दोन शब्द सुनवावेसे वाटले. पिसाळलेली कसली? तिला नको होतं, एवढंच. मांडीवर बसायला नको असणं हा काय गुन्हा आहे? पण सुनवलं नाही. नऊ दिवस आतल्या आत धुमसत राहिले आणि माळ्याकडे बघत राहिले.

दहाव्या दिवशी, काकू आत कामात असताना, त्यांनी एका बशीत दुधात कुस्करलेला पाव घेतला. मागच्या खोलीच्या टोकाला बशी ठेवली. आपल्या स्टुलापासून तिचं अंतर टेपने मोजलं, ते अकरा फूट भरलं. तिथे फरशीवर शिंप्याच्या खडूने रेघ मारली आणि बशीकडे पाठ करून स्टुलावर बसले. चार वाजले होते. बऱ्याच वेळाने मागे लप् लप् असा आवाज आला. मास्तर हलले नाहीत. मानेला रग लागली तरी हलले नाहीत.

तेव्हापासून रोज चार वाजता बशी. चार म्हणजे चार. रोज बशी इंचभर जवळ घ्यायची आणि नवी रेघ मारायची. नियम ठरलेले: बघायचं नाही, बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही. बघायचंच झालं तर झोप आल्यासारखे डोळे अर्धे मिटून बघायचं आणि लगेच नजर भिंतीवर न्यायची. हे मास्तरांना कुणी शिकवलं नव्हतं. लोकांनी आपल्याशी कसं वागावं असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं, तसंच ते तिच्याशी वागत होते.

दोनदा घात झाला. सात फुटांवर असताना मास्तरांनी न राहवून वळून बघितलं, आणि सहा फुटांवर असताना त्यांना शिंक आली. दोन्ही वेळा बशी पुन्हा अकरा फुटांवर गेली. शिक्षा मांजरीने दिली नव्हती, मास्तरांनी स्वतःला दिली होती.

तिचं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं म्हणजे मांजर पाळलं असं होतं, आणि पाटी तर दारावर होती. ते तिला हळूच "अगं" म्हणायचे. अडचण एवढीच की बायकोलाही ते बत्तीस वर्षं "अगं"च म्हणत होते. आतून काकू ओ द्यायच्या, "काय हो?"

"तुला नाही."

"मग कुणाला?"

"कुणाला नाही."

काकू पुढे काही विचारायच्या नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की जगाला दिसत नाही. इथे दूध मांजर पीत होतं आणि डोळे मास्तरांनी मिटले होते. फरशीवरच्या रेघांबद्दल काकूंनी एकदाच विचारलं होतं, "हे काय आहे?" मास्तर म्हणाले होते, "माप." विषय संपला. काकू फरशी रोज ओल्या फडक्याने पुसायच्या, तरी रेघा काही जायच्या नाहीत. मास्तरांना वाटायचं, खडू फारच चांगला निघाला. त्यांनी त्याच जातीची आणखी एक पेटी आणून ठेवली.

असे आठ महिने गेले. बशी चौदा इंचांवर आली. मांजरी आता मास्तरांच्या जुन्या कामाच्या सदऱ्यावर झोपायची, तो कोपऱ्यात टाकलेला असे. पण हात अजून लागला नव्हता. एकदाही नाही.

याच सुमारास मोठ्या बाईंचा सोफा आला. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी त्या रस्त्याने निघाल्या की चाळिशीतले बाप्ये शर्टाची बटणं लावायचे. दुकानात येऊन त्यांनी राखाडी कापड निवडलं आणि मास्तरांना म्हणाल्या, "वरचं कापड कुणीही नीट लावतं. माणूस कळतो तो तळाच्या कापडावरून. मी सोफा उलटा करून बघणार आहे."

मास्तर खिळे तोंडात ठेवून खुलले. बत्तीस वर्षांत तळाचं कापड बघणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदा भेटत होतं. त्यांनी त्या सोफ्यावर जीव टाकला. नवे पट्टे, नव्या स्प्रिंगा, सुतळीची प्रत्येक गाठ दोनदा. शुक्रवारी साडेचारला टेम्पो सांगितला होता.

गुरुवारी चार वाजता मास्तरांच्या हातून ते घडलं. मांजरी चौदा इंचांवर खात होती, आणि मास्तरांनी एक बोट पुढे केलं. एकच बोट हो, आणि तेही करंगळी! मांजरीने मान वर केली, बोटाकडे बघितलं आणि उठून गासडीमागे गेली. पळाली नाही, नुसती गेली. मास्तरांना ते जास्त लागलं. रात्री जेवणात लक्ष नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं स्वतःलाच म्हणत राहिले.

शुक्रवारी सोफा मागच्या खोलीत उपडा घातलेला होता. तळाच्या काळ्या कापडाच्या तीन बाजू ठोकून झाल्या होत्या, चौथी, आखूड बाजू जेवणानंतर करायची होती. आता मास्तरांच्या वस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती: सोफ्याचं पोट बंद करण्याआधी आत हात फिरवायचा. आत कात्री राहते, सुई राहते, एकदा वस्तादाचा चष्मा राहिला होता. मास्तर बत्तीस वर्षं न चुकता हात फिरवत आले होते.

त्या दिवशी जेवून आले तेव्हा साडेतीन झाले होते. चारच्या आत काम आटपायला हवं होतं, कारण चारला बशी ठेवायची होती. आणि आज तिची समजूत काढायची होती, म्हणजे वेळेवर तर ठेवायलाच हवी होती. मास्तरांनी कापड ताणलं आणि इंचाइंचावर तीस खिळे धडाधड ठोकले. दारातून काकूंनी विचारलं, "आत काही राहिलं नाही ना?"

"हं," मास्तर खिळ्यांतून म्हणाले.

चारला पाच कमी असताना काम संपलं. त्यांनी बशी मुद्दाम अकरा फुटांवर ठेवली, माफी मागितल्यासारखी, आणि पाठ करून बसले. चार वाजले, सव्वाचार वाजले. मागे काही वाजलं नाही. मास्तरांनी नियम मोडून वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय दिसणार होतं? ती होतीच पाठीमागे, सहा फुटांवर, पण तीस खिळ्यांच्या आत. पुढारी असता तर ओरडून गल्ली गोळा केली असती. तऱ्हेवाईक असती तर कापड फाडून बाहेर आली असती. ही बिचारी ठोकाठोक सुरू झाली तशी अंग चोरून स्प्रिंगांमध्ये बसली आणि ब्र काढला नाही. ज्याच्यावर जावं त्याच्यावर गेली होती.

साडेचारला टेम्पोवाले आले. "मास्तर, सोफा जरा जड झालाय," एक जण म्हणाला.

"काम भरभक्कम असतं आमचं," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी बशी तशीच होती. मास्तरांनी गासड्या हलवल्या, माळा बघितला, पेट्या बघितल्या. "काय शोधताय?" काकूंनी विचारलं. "टेप," मास्तर म्हणाले. टेप गळ्यात होता.

त्यांनी कामाला हात लावला नाही. स्टुलावर बसून राहिले. एका बोटापायी आठ महिने गेले, असं त्यांना वाटत होतं. रडू येत नव्हतं, पण डबीतले खिळे तोंडात टाकायचंही सुचत नव्हतं.

दुपारी फोन वाजला. मोठ्या बाई होत्या. "काकू, तुमच्या स्प्रिंगा बोलतात."

"बोलतात म्हणजे?"

"मी बसले की कुरकुर करतात. उठले की गप्प. अशी मुलं मी वर्गाबाहेर उभी करायचे. मास्तरांना पाठवा."

हे ऐकल्यावर मास्तर ताडकन उठले. आपल्या स्प्रिंगा कुरकुरतात? दोनदा गाठ मारलेल्या? दुःख बाजूला राहिलं आणि तिथे राग आला. त्यांनी हत्यारांची कातडी पिशवी उचलली. काकूंनी एकदा भरलेल्या बशीकडे बघितलं, एकदा फोनकडे बघितलं. मग कोपऱ्यातला जुना सदरा उचलून त्यांनी पिशवीत कोंबला आणि म्हणाल्या, "चला, मीपण येते."

"सदरा कशाला?"

"असू दे."

मोठ्या बाईंची खोली छोटी, नीटनेटकी. एक कपाट, एक लाकडी खुर्ची, पुस्तकं आणि मधोमध तो सोफा. बाई खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. नवराबायकोने मिळून सोफा हळूच उपडा केला. काळं कापड एका जागी फुगलेलं होतं, आणि ते फुगलेलं वर-खाली होत होतं.

मास्तरांना सगळं एकदम कळलं. पकडीने ते आखूड बाजूचे खिळे काढायला लागले. काढलेला खिळा ठेवायला त्यांनी काकूंपुढे केला, तर काकूंनी तो घेतला आणि सरळ तोंडात टाकला. दुसरा दिला, तोही तोंडात. बत्तीस वर्षांत या बाईने खिळ्याला जीभ लावली नव्हती. आज एकेक करून तीसच्या तीस तोंडात घेतले आणि ओठ मिटून उभी राहिली.

कापडाचं टोक उचललं तसा एक पांढरा पंजा बाहेर आला, मग राखाडी लकेर उमटली आणि कपाटाखाली नाहीशी झाली.

मोठ्या बाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "हे मांजर कुणाचं?"

मास्तरांनी सवयीने काकूंकडे बघितलं. काकूंनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

आता काय करायचं? मांजर आपलं म्हणावं, तर हात न फिरवता सोफा बंद केला हे कबूल करावं लागणार, आणि तेही तळाचं कापड बघणाऱ्या एकमेव गिऱ्हाइकापुढे. बत्तीस वर्षांचं नाव एका दुपारी जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आमचं नाही," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे मांजरांना बंदी आहे. पाटी आहे दारावर."

"मग आत कसं गेलं?"

"इथलंच असेल. खिडकीतून आलं असेल."

"खिडकीतून आलं, सोफ्यात शिरलं आणि मग आतून खिळे ठोकून घेतले?" मोठ्या बाईंनी विचारलं. बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. शाळेत त्यांनी याहून वाईट थापा ऐकल्या होत्या. "बरं. येईल बाहेर तेव्हा येईल," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं आणि वाचायला लागल्या.

मास्तर खाली बसून स्प्रिंगा तपासायला लागले. डोळे स्प्रिंगांवर, कान कपाटाखाली. दहा मिनिटं गेली. कपाटाखालून आधी मिशा आल्या, मग नाक. मांजरीने खोली हुंगली. मग पोट जमिनीला लावून ती चार पावलं आली, आणि थेट मोठ्या बाईंच्या पायाशी जाऊन बसली. नुसती बसली नाही. बाईंच्या सपातांवर हनुवटी टेकवली.

मास्तरांच्या हातातली पकड खाली पडली. आठ महिने! अकरा फुटांपासून चौदा इंचांपर्यंत! शिंक दाबून दाबून नाकाची वाट लावली या माणसाने, आणि या बाईने काय केलं? पेपर वाचला! त्यातही मांजरीकडे ढुंकून बघितलं नाही. मग मास्तरांच्या लक्षात आलं की तेच तर केलं. आपण न बघण्याचं सोंग करत होतो आणि बाईंना खरंच बघायचं नव्हतं. एवढा फरक मांजराला कळतो. जिवाची नुसती आग आग झाली.

"शहाणं आहे," मोठ्या बाई पेपरामागून म्हणाल्या. "आवाज नाही, धसमुसळेपणा नाही. कुणाचं नाही म्हणताय तर राहू दे इथेच. मला काही त्रास नाही."

"हं," मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय म्हणालो.

कापड पुन्हा लावायचं होतं. ते हात पुढे करायचे, काकू ओठांतून एक खिळा काढून द्यायच्या. एक, दोन, तीन. मास्तरांनी इतकं सावकाश जन्मात ठोकलं नव्हतं. चार वाजले, भिंतीवरच्या घड्याळाने टोले दिले. दहा झाले, वीस झाले. काकू काहीच बोलत नव्हत्या, आणि तोंड रिकामं होत चाललं तरी ओठ मिटलेलेच होते. मांजरी सपातांवर डोळे मिटून पडली होती. एकोणतीस झाले. टोकाला हात जाईल एवढी फट राहिली.

मास्तरांनी त्या फटीतून हात आत घातला आणि पोटभर फिरवला. आत काही नव्हतं. मग ते तसेच, हात सोफ्यात घालून म्हणाले, "मोठ्या बाई, मांजर माझं आहे."

पेपर खाली आला.

"माझी आहे ती. मी काल हात फिरवला नाही. फिरवायचा असतो. चार वाजत आले होते, आणि चारला हिची बशी ठेवतो मी. रोज ठेवतो. आठ महिने. घाईत बंद केला सोफा. चूक माझी आहे, स्प्रिंगांची नाही. पण मांजर ठेवून घेऊ नका. मला करमत नाही हिच्याशिवाय."

एवढं बोलून मास्तरांना दम लागला. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तळाच्या कापडावरच्या खिळ्यांच्या ओळीकडे बघितलं. "ओळ सरळ आहे," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायला मात्र तुम्हाला मुळीच येत नाही. घेऊन जा. येत असेल तर."

येत असेल तर! तिथेच तर घोडं अडलं होतं. मास्तरांनी शेवटचा खिळा ठोकला. काकूंच्या मदतीने सोफा सरळ केला. पिशवी उघडीच ठेवून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि मांजरीकडे पाठ करून जमिनीवर बसले. खोली जेमतेम दहा फुटांची होती. एक फूट कमी पडत होता, त्याला इलाज नव्हता. यावेळी त्यांनी डोळे खरोखरच मिटले. आली तर आली. बाईंकडे सुखात राहील, तेही वाईट नाही, असं मनाला सांगून बघितलं. पटलं नाही.

सपाता हलल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग पिशवीत हत्यारांचा बारीकसा किणकिणाट झाला.

मास्तर वळले तेव्हा खोलीत मांजर नव्हतं. पिशवीतला सदरा मात्र थोडा फुगला होता. ते उठले, पिशवीजवळ बसले आणि पट्टा लावायला हात घातला. आणि बत्तीस वर्षांची सवय, बंद करण्याआधी हात आपोआप आत गेला. दाभण लागलं, पकड लागली, सदरा लागला, आणि सदऱ्याच्या घडीत काहीतरी ऊन आणि मऊ. हात मागे घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. ते मऊ क्षणभर ताठ झालं, मग सैल झालं, आणि त्यांच्या तळव्यात डोकं खुपसून घरघरायला लागलं.

"स्प्रिंगा बोलायला लागल्या वाटतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

परत जाताना मास्तरांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. काकू शेजारून चालत होत्या. एक गल्ली पार झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"ऐकलं हो मी."

"काय?"

"‘माझी आहे ती.’ बत्तीस वर्षं वाट बघितली मी. निघालं एकदाचं तोंडातून, तेही दुसरीसाठी."

मास्तर चालत राहिले.

"आणि तो खडू," काकू म्हणाल्या, "काही एवढा चांगला नाही. रोज फरशी पुसली की जातात रेघा. मी परत काढते, टेप लावून. गुडघे दुखतात माझे."

मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून सायकलवाला घंटी वाजवून गेला तरी हलले नाहीत. घरी कपाटात त्या खडूची अख्खी पेटी पडलेली होती. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, ते मिटलं, आणि सवयीने तोंडाकडे बोट दाखवलं. तोंड रिकामं होतं. सगळे खिळे मोठ्या बाईंच्या सोफ्याला लागले होते, आणि एकेक करून काकूंनीच ते दिले होते.

काकूंनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी मास्तरांकडे बघितलंही नाही. हातभर अंतर ठेवून, समोर नजर लावून, त्या सावकाश पुढे चालू लागल्या.

बेकरी दिसायला लागली तेव्हा मागून आवाज आला, "अगं."

"तिला?" काकूंनी मान न वळवता विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "तुला."